मागच्या सीटवरचं पाणी

भंतेजी जेवून गेले, मंडळाच्या बाया भांडी घासून गेल्या, आणि अधारतालच्या घरात घरचेच लोक उरले. सुमनबाईला जाऊन वर्ष झालं होतं. त्रिशरण, पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं, ज्यांना दोन शब्द बोलायचे होते ते बोलले. तिचा नवरा सुखराम बोलला नाही. त्याला कोणी आग्रहही केला नाही.

हर्षा बैठकीतली सतरंजी गुंडाळत होती. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली स्टुलावर सासूचा फोटो, फोटोपुढे विझत आलेली मेणबत्ती. स्टुलाला लागून पाण्याच्या दोन निळ्या कॅन होत्या, काठोकाठ भरलेल्या. सकाळपासून लोक त्यांना पाय लागू नये म्हणून वळसा घालून जात होते, आणि त्या इथे कशाला ठेवल्या हे कोणी विचारलं नव्हतं. ओटा धुवायचा होता. नळाला पाणी नव्हतं. हर्षाने एक कॅन ओढत दारापर्यंत आणली आणि झाकणाला हात घातला.

शेजारचा नथ्थू आपल्या खुर्च्या न्यायला आला होता. तो दारातच थांबला.

"अरे बहू, उसे मत गिराना. नर्मदा जी का जल है. भैया रोज ग्वारीघाट से भर के लाते हैं."

तो चांगल्या मनाने म्हणाला. बोलताना त्याने हात कपाळाला लावला, दोन खुर्च्या डोक्यावर घेतल्या आणि निघून गेला.

ओट्यावर शालिग्राममामा बूट घालत बसले होते. सुमनबाईचे धाकटे भाऊ, वस्तीतल्या बौद्ध मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या एका बुटाची नाडी बांधून झाली होती. त्यांनी ती सोडली, बूट काढले, भिंतीला लावून ठेवले आणि परत आत येऊन बसले.

हर्षाने कॅन पुन्हा स्टुलापाशी नेऊन ठेवली. जिथे होती तिथेच. तिला कळलं की काहीतरी बिघडलं आहे, आणि ते आपल्या हातून बिघडलं आहे.

दुपारी जेवताना तिच्या नवऱ्याने, चंद्रशेखरने, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. बाबा आता नागपूरला येतील. उद्या दुपारच्या गाडीचं त्यांचं तिकीट आमच्याबरोबरच काढलं आहे. घर भाड्याने देऊ. ती गाडीही काढून टाकू, नथ्थूचा भाचा घेतो म्हणतो. गाडी म्हणजे अंगणात उभी असलेली ती पिवळी तीनचाकी. पुढे एक चाक, मागे दोन, बॅटरीवर चालणारी, वर छप्पर, बाजूला दारं, आणि आत एकामागे एक अशा दोनच सीटा. गल्लीतली पोरं तिला डबी म्हणत. चंद्रशेखरला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. स्कूटर खड्डा चुकवते, कार खड्ड्याला दोन चाकांच्या मधे घेते, असं तो म्हणाला. हिचं मधलं चाक मात्र बरोबर खड्ड्यात जाते. या वयात एक खड्डा पुरे आहे.

तेव्हा मामा सुखरामच्या बाजूने बोलले होते. माणूस आपल्या माणसांत राह्यला पाह्यजे, नागपुरात चौथ्या मजल्यावर बसून हा काय कबुतरं मोजन, असं म्हणाले. हर्षाला मनातून बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली होती. नागपूरचं घर दोन खोल्यांचं. त्यातल्या एका खोलीत पावसाळ्यात तिची स्वतःची आई येऊन राहते. सासरे आले तर आईला काय सांगायचं हे तिने नवऱ्याला विचारलं नव्हतं, आणि त्यानेही तो विषय काढला नव्हता.

आता मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते. भाऊजींना बोलवा, एवढंच ते म्हणाले.

*

सुखराम अंगणात गाडीपाशी होता. चार्जिंगची तार खिडकीतून बाहेर काढून त्याने गाडीला लावली, हिरवा दिवा लागेपर्यंत वाकून पाहिलं, आणि मग काही काम नसताना काच पुसू लागला.

गाडी सुमनने पसंत केली होती. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर तिला स्कूटरवर पाय टाकून बसता येईना. एका बाजूने बसून एकदा ती दमोह नाक्यावर घसरली, तेव्हापासून स्कूटरचं नाव काढू देईना. कार चालवायला सुखराम कधी शिकला नव्हता. ऑटोवाले ग्वारीघाटला यायला तयार होत, पण परतीला थांबत नसत. मग एका प्रदर्शनात ही गाडी दिसली. विकणारा पोरगा खूप बोलला. पेट्रोल नाही, घरच्या प्लगवर चार्ज होते, एका चहाच्या पैशात घाटावर जाऊन या, ऊन नाही, पाऊस नाही, तीन चाकं आहेत म्हणजे पाय टेकवायचं काम नाही. सुमन त्याचं ऐकतच नव्हती. दार उघडून ती मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

"इथून तुमची पाठच दिसते फक्त," ती म्हणाली. "रस्ता दिसत नाही. बरं आहे. भेव नाही लागत."

एक हिवाळा ती त्या सीटवर बसली. संध्याकाळी घाटावर जायचं, पायऱ्यांवर बसायचं, नावा पाहायच्या, शेंगा खायच्या, परत यायचं. फुलं, दिवे विकणारे त्यांना ओळखू लागले होते. ही माणसं काही घेत नाहीत, नुसती बसतात, हेही त्यांना माहीत झालं होतं. उन्हाळ्यात ती गेली.

तिची रक्षा नदीत सोडायची नाही, हे तिनेच सांगून ठेवलं होतं. झाड लावा, म्हणाली होती, अन् सीताफळाचं लावा, पोरं खातील. घाटाच्या रस्त्यावर एक लहान विहार आहे, त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात झाड लावलं. भंतेजींचं म्हणणं पिंपळ लावावा असं होतं. सुखराम सीताफळावर अडून राहिला. फेब्रुवारीत विहाराची बोअर आटली. तेव्हापासून तो रोज सकाळी घरून दोन कॅन पाणी मागच्या सीटवर ठेवून न्यायचा आणि झाडाला घालून रिकाम्या कॅन घेऊन परत यायचा.

जाताना गाडी ठीक चालायची. येताना तिचं काहीतरी वेगळंच व्हायचं. हँडल हलकं लागायचं, वळणावर आतल्या बाजूचं मागचं चाक जमीन सोडल्यासारखं वाटायचं. आपला भास असेल, असं त्याला वाटलं. मग एकदा रामपूरच्या पुढच्या वळणावर गाय आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, हँडल वळवलं, आणि गाडी सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या जनावरासारखी, कुशीवर झाली. तो दाराच्या काचेवर पडला होता आणि वरचं चाक फिरत होतं. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी गाडी सरळ केली. कोपराचं कातडं गेलं होतं, बाकी काही नाही. टपरीवाल्याने मागे रिकामी सीट पाहिली आणि म्हणाला, "चाचा, ये दो सवारी की गाड़ी है. अकेले में तो ये लुढ़केगी ही."

घरी येऊन तो बराच वेळ अंगणात उभा होता. गाडीत काही बिघाड नव्हता. मागे माणूस बसला की ती जमीन धरून चालते. मागे कोणी नसलं की नाही. एवढीच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी झाडाला पाणी घातल्यावर तो घराकडे वळला नाही. पुढे हाकेच्या अंतरावरच्या घाटावर सरळ, सावकाश गेला, कॅन नदीत बुडवून भरल्या, मागच्या सीटवर ठेवल्या, पट्टा लावला आणि घरी आला. तेच पाणी रात्रभर बैठकीत राहायचं आणि सकाळी झाडाला जायचं. जाताना पाणी, येताना पाणी. तेवढा सरळ तुकडा सोडला तर सीट कधी रिकामी राहत नव्हती.

प्रियंका अंगणात आली. भोपाळच्या हॉस्पिटलात ती नर्स होती, आणि आल्यापासून ती बापाकडे पेशंटकडे पाहावं तशी पाहत होती. 

"बाबा, मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट काहून घालून राहिले?"

तो काच पुसत राहिला. तिने त्याचा हात धरला, बटण काढलं आणि बाही वर केली. कोपरापासून मनगटाकडे नवं गुलाबी कातडं आलं होतं. तिने बोटाने ते दाबून पाहिलं.

"रस्त्यावर पडले तुम्ही."

तो नाही म्हणाला नाही. थोडक्यात सांगितलं. गाय, वळण, रिकामी सीट, मग पाणी. सांगताना त्याने आवाज खाली ठेवला होता. आत सांगू नको, असं शेवटी म्हणाला. शेखरला कळलं तर तो गाडी आजच्या आज देऊन टाकेल, मग झाडापर्यंत मी जाऊ कसा. ऑटोवाले कॅन घेत नाहीत. पावसाळा लागेपर्यंत, तोवर फक्त.

प्रियंकाने बाही खाली केली आणि बटण लावून दिलं. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तेवढ्यात चंद्रशेखर दारात आला आणि मामा बोलावून राहिले, असं सांगून गेला.

*

शालिग्राम अजून भिंतीकडेच तोंड करून बसला होता. सगळे येऊन बसल्यावर तो वळला. त्याला राग आला होता, पण रागापेक्षा जास्त त्याला असं वाटत होतं की आपल्याला कोणी काही सांगितलं नाही. सुमन होती तोवर या घरातली गोष्ट त्याला त्याच दिवशी कळायची. ती गेल्यावर तो महिन्यातून एकदा यायचा, चहा घ्यायचा, दोघं माणसं समोरासमोर बसायची आणि बोलायला काही नसायचं.

त्याने कॅनकडे बोट केलं. भाऊजी, हे नर्मदेचं पाणी आहे का, असं सरळ विचारलं.

सुखराम हो म्हणाला.

रोज आणता?

रोज.

आणि बाईच्या फोटोखाली ठेवता?

सुखरामने स्टुलाकडे पाहिलं. दाराजवळ दुसरी जागा नव्हती म्हणून कॅन तिथे होत्या. आत न्यायला त्याच्या कमरेला झेपत नसत. पण हे बोलून काय उपयोग, असं त्याला वाटलं.

शालिग्राम बोलू लागला, आणि त्याचा आवाज त्याला वाटला होता तसा कडक निघाला नाही. छप्पन साली त्याचा बाप नागपूरला गेला होता, दीक्षा घेऊन परत आला. घरी आल्यावर त्याने देव्हाऱ्यातले देव एका टोपलीत भरले आणि याच घाटावर नेऊन नदीत सोडले. त्याच्या मायने टोपली धरून ठेवली होती, ती रडत होती. बाप तिला म्हणाला, सोड, आता आपल्याला याची गरज नाही. ही गोष्ट सुमनला अन् शालिग्रामला लहानपणापासून पाठ होती. सुमन आपल्या पोरांना ती सांगायची. इथे बसलेल्या दोन्ही पोरांनी ती ऐकली होती.

"ज्या पाण्यात माह्या बापानं देव सोडले," तो म्हणाला, "ते पाणी तुम्ही बाईच्या फोटोखाली आणून ठेवलं. बाहेर नथ्थू त्याला हात जोडून राहिला. उद्या मंडळात मी काय सांगू?"

 मेणबत्ती विझली होती आणि तिचा वास राहिला होता.

चंद्रशेखर मधे पडला. तो मामांपेक्षा सौम्य बोलला, आणि म्हणूनच ते सुखरामला जास्त लागलं. मामा, यात बाबांचा दोष नाही. एकटा माणूस काय करन, त्याच्या मनात काय येईन, सांगता येत नाही. बाबांचा विश्वास बदलला असं मला नाही वाटत. त्यांना कोणी बोलायला नाही, एवढंच आहे. म्हणून तर म्हणतो, इथे ठेवायला नको. तो बापाविषयी असा बोलत होता जसा बाप खोलीत नाही.

"घेऊन जा," शालिग्राम म्हणाला. "दुपारी मी चुकीचं बोललो. घेऊन जा यांना."

एका वाक्यात सगळं फिरलं. दुपारी जो एकटा सुखरामच्या बाजूने होता तोच आता त्याला पाठवायला निघाला होता. प्रियंका बापाकडे पाहत होती.  आपण बोललो तर गाडी जाते, नाही बोललो तर बाबांचं नाव जाते, एवढं तिला दिसत होतं. आणि ती गोष्ट तिची नव्हती.

बोलली ती हर्षा. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने हे भांडण मिटवण्यासाठी विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

"बाबा, तुम्ही रोज भरून आणता, तर रोज रिकाम्या पण होत असतील ना? पाणी जाते कुठं? घरात तर तुम्ही वापरत नाही. मी सकाळपासून नळाची वाट पाहून राहिली."

सुखराम म्हणाला की सकाळी झाडाला घालतो.

"पण झाड तर घाटाच्याच रस्त्यावर आहे," चंद्रशेखर म्हणाला. "मग घाटावरून भरून तिथंच घाला ना. इथपर्यंत आणून परत न्यायचं काहून?"

हाच तो प्रश्न होता. सुखरामला तो कुठून तरी येणार हे माहीत होतं. इथे गप्प राहिलं की ते पाणी पूजेचं ठरत होतं. शेखर तर ते समजून घ्यायलाही तयार होता. गाडी कदाचित त्यानंतरही काही दिवस राहिली असती. पण शालिग्राम आता फोटोकडे पाहत होता, आणि सुखरामच्या लक्षात आलं की या खोलीत ज्या गोष्टीचा संशय घेतला जातो आहे ती त्याची एकट्याची नाही. तिने सांगितलं होतं नदीत सोडायचं नाही. ते त्याने पाळलं होतं. आणि आता तिच्या भावाला वाटत होतं की नदीच घरात आणली.

"मागच्या सीटवर कोणी नसलं की गाडी उलटते," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. प्रियंकाला सांगितलं त्यापेक्षाही कमी शब्दांत. बाही वर करून हात दाखवला. जाताना वजन पाहिजे, येताना वजन पाहिजे. पाणी झाडाला लागतेच, म्हणून पाणी ठेवतो. विटा ठेवल्या असत्या, पण विटा अन् पाणी दोन्ही घेऊन चढावर बॅटरी दम सोडते. घाटावरून भरतो कारण तिथे पाणी आहे. दुसरं काही नाही.

"पडले?" चंद्रशेखर म्हणाला. "गाडीसकट?"

"हळूच पडली."

"हळूच," चंद्रशेखर म्हणाला, आणि उठून बाहेर अंगणात गेला.

शालिग्रामने चष्मा काढून पुसला. माफी मागणं त्याला कधी जमलं नव्हतं, सुमनजवळही नाही. त्याने कॅनकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, एका कॅनीत किती पाणी मावते. वीस लिटर, सुखराम म्हणाला. शालिग्राम उठला, ओट्यावर जाऊन बूट घातले, नाड्या बांधल्या.

"सोमवारी मंडळात काम नसते मले," तो पाठमोराच म्हणाला. "सोमवारी कॅनी नका भरू. मी बसतो."

"मामाजी, तुम्ही काही दोन कॅनीचे नाही," हर्षा आतून म्हणाली. "एक तरी भरावीच लागन."

तो हसला नाही, पण जाताना त्याने दार हळू लावलं.

*

सकाळी चंद्रशेखर बापाआधी अंगणात उभा होता. रात्री तो झोपला नव्हता असं नाही, पण नीट झोपला नव्हता. त्याने स्वतः दोन्ही कॅन आणून ओट्यावर ठेवल्या, आणि मग मागचं दार उघडून आत बसला. मला पाहायचं आहे, म्हणाला. सुखरामने विचारलं, मग झाडाचं पाणी? चंद्रशेखरने एक कॅन उचलून आपल्या मांडीवर घेतली.

मागच्या सीटवर गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. समोर बापाची पाठ होती, मानेजवळ विरलेली कॉलर, कानामागचे पांढरे केस. रस्ता दिसत नव्हता. लहानपणी स्कूटरवर तो पुढे उभा राहायचा, तेव्हा त्याला सगळं दिसायचं, बाप सोडून. सिव्हिल लाइन्सची झाडं बाजूच्या काचेतून मागे जात होती. गाडी आवाज करत नव्हती. वळणाआधी सुखराम हात थोडा वर करायचा, मागच्याने धरून बसावं म्हणून. दर वळणाला. चंद्रशेखरला कळलं की ही खूण आपल्यासाठी नाही. रामपूरच्या पुढच्या वळणावर गाडी जमीन धरून गेली. तिथे टपरीवाल्याने हात केला.

सीताफळाचं झाड गुडघ्याइतकं होतं. पानं धुळीने माखलेली होती, पण नवी दोन पानं वर आली होती. भोवती आळं केलेलं होतं आणि उन्हाच्या बाजूला एक जुनी साडी चार काठ्यांवर ताणून बांधली होती. साडी त्याला ओळखू आली. बापाने कॅन वाकवली, पाणी हळूहळू सोडलं, आळं भरल्यावर थांबला, जिरू दिलं, परत सोडलं. 

मग चंद्रशेखरने चावी मागितली. विहाराच्या मागे मोकळं मैदान होतं. तो एकटा गाडीत बसला, सरळ गेला, आणि शेवटी जरा वेगात हँडल वळवलं. डाव्या बाजूने जमीन निघून गेली.  त्याने हँडल सोडलंच, आणि चाक परत दणकन खाली आलं. गाडी थांबली. तो तसाच बसून राहिला. मैदानाच्या टोकाला बाप झाडाशेजारी उभा होता, लहानसा दिसत होता, आणि हात कपाळावर धरून इकडे पाहत होता. याच्यात बसून हा माणूस रोज घरी येतो, चंद्रशेखरच्या मनात आलं. आणि फोनवर आपण विचारतो, जेवले का, तर तो हो म्हणतो.

गाडी धोक्याची होती. जे त्याने काल म्हटलं त्यापेक्षा जास्त. आणि हेही खरं होतं की ती काढून घेतली तर हा माणूस सकाळी उठून कुठे जाणार, हे त्याला सांगता येत नव्हतं. चौथ्या मजल्यावर त्याचं उत्तर नव्हतं.

परतताना घाटावर गाडी थांबवायला त्यानेच सांगितलं. सुखराम म्हणाला, आज तू आहेस, आज गरज नाही. चंद्रशेखरने ऐकलं नाही. उद्यासाठी, म्हणाला. उद्या ही एक अन् घरी आहे ती एक. पँट वर दुमडून तो पायऱ्या उतरला, कॅन बुडवून भरली, झाकण लावलं, आणि ते ढिलं राहू नये म्हणून दोन्ही हातांनी पिळून पिळून घट्ट केलं. घरी गेल्यावर दुसऱ्या कॅनचंही झाकण त्याने तसंच घट्ट करून ठेवलं.

दुपारी स्टेशनवर त्याने बापाला मोजकंच सांगितलं. रिकाम्या सीटनं एकही वळण घ्यायचं नाही, वळणावर सायकलच्या वेगानं घ्यायची, पाऊस सुरू झाला की बंद, दिवाळीत परत बोलू. तिकीट वाया गेलं त्याचं काही नाही. हर्षाने वाकून नमस्कार केला. आई आली की तुम्ही पण या, म्हणाली. मग जागा होईल का, हे तिने सांगितलं नाही. प्रियंकाची गाडी त्याआधीच गेली होती. तिने जाताना मलमाची एक ट्यूब बापाच्या खिशात टाकली होती.

*

दुसऱ्या दिवशी सुखराम एकटाच उठला. चहा केला, एक कप. दोन्ही कॅन एकेक करून ओट्यापर्यंत ओढल्या, मागच्या सीटवर चढवल्या आणि पट्टा लावला. सोमवार दूर होता. गल्लीत नथ्थू दात घासत उभा होता. त्याने विचारलं, सब चले गए? सुखराम हो म्हणाला आणि निघाला.

रस्ता मोकळा होता. वळणं त्याने सायकलच्या वेगाने घेतली. प्रत्येक वळणाआधी त्याचा हात वर गेला. गाडी जराही डगमगली नाही.

विहाराचं दार बंद होतं. भंतेजी अजून उठले नव्हते. त्याने एक कॅन झाडापाशी नेली आणि झाकणाला हात घातला. झाकण फिरेना. त्याने शर्टाचं टोक गुंडाळून पाहिलं, मग दोन्ही गुडघ्यांत कॅन धरून पाहिलं. दुसरी कॅन आणली. तीही तशीच. शेखरची लहानपणापासून सवय होती ती, नळ असो की बाटली, काही ढिलं सोडायचा नाही. पिळताना कोपराचं नवं कातडं ताणलं आणि दुखलं, तेव्हा तो थांबला.

आळ्यातली माती कालच्या पाण्याने अजून थोडी ओली होती. नव्या दोन पानांवर साडीची सावली होती. पाणी समोर होतं, पुरेसं होतं, आणि ते उघडायला दुसरं कोणीतरी लागणार होतं.

भंतेजी उठायला वेळ होता. सुखराम झाडाजवळ मांडी घालून बसला, एक हात कॅनवर ठेवून, आणि विहाराच्या दाराकडे पाहत राहिला.